सत्तेचाळीस किलोंची स्प्रिंग

गुढियारी, रायपूर
५ ऑगस्ट २०२५

प्रिय पुष्करदादा,

ज्या कामासाठी पत्र, ते काम पहिल्या ओळीत, असं काकांनी आपल्या दोघांना शिकवलं. म्हणून आधी काम. माझ्या स्कूटरचं मागचं शॉकअप इतकं कडक झालं आहे की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. त्याचं काय करता येईल ते लिही. तुझा अख्खा दिवस चाकणच्या कारखान्यात शॉकअप तपासण्यात जातो, तेव्हा विचारायला दुसरं कोणी नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला हिंदीत घसरतो, आणि हिंदीत मी सगळ्यांना सगळं ठीक आहे असंच सांगते. पत्रात तसं जमत नाही. काकांनी चौथीपर्यंत घरी शिकवलं त्याचा हा परिणाम. माझ्या बाबांची रेल्वेची बदली कुठल्याकुठल्या लहान स्टेशनांवर, म्हणून मला तुमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी ठेवलं आणि तुझ्या शेजारी पाटी घेऊन बसवलं. चुकलेलं रबराने पुसलं की काका चिडायचे, आठवतं ना? एकच आडवी रेघ मारायची, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे.

इथल्या रस्त्यांचं काय लिहू? लिहितानाही शिसारी येते. पाइपासाठी आमची गल्ली खणली, पाइप टाकला, वर तोच मलबा लोटला आणि माणसं निघून गेली. त्या चरात गटाराचं पाणी साचलं आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ त्यावर सायीसारखी धरते. सकाळी सहाला लॅबसाठी पहिल्या घरी रक्त घ्यायला निघते तेव्हा साय अखंड असते. तिच्यावरून पहिलं चाक माझंच जातं. पांढरा कोट दुसऱ्या घरी पोचेपर्यंत कोट राहत नाही. ज्यांच्या दंडाला मी स्पिरिट लावणार, ते माझ्या बाहीकडे बघतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही हात पुढे केला नसता.

त्यात ब्रेकर. प्रत्येक पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लोकांनी आपापल्या मनाचे केले आहेत, विटांचे, दगडांचे, जुन्या टायरचे. एका मिठाईवाल्याने दुकानासमोर लागोपाठ तीन घातलेत, म्हणजे गाडी मंदावते आणि नजर जिलेबीवर जाते. त्या तिन्हींच्या मध्ये पानाच्या पिचकाऱ्या.

काकांचं रक्त काल घेतलं. काळजी करू नकोस. आधी पोटॅशियम सहाच्या वर आलं म्हणून माझा जीव गेला होता, कारण किडनीच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की साडेपाचच्या वर गेलं तर तडक या, हृदय बंद पडू शकतं. पण लॅबने परत लावून चार पूर्णांक आठ दिलं. काका म्हणाले, "केळ्याकडे नुसतं पायलं तरी ही पोट्टी अशी पायते जसा मी चोरी करून राहिलो."

(इथे एक ओळ खोडली आहे. वाचता येईल, पण वाचू नकोस.)

तुझी,
ज्ञानदा


चाकण, पुणे
१४ ऑगस्ट २०२५

ज्ञानदा पोट्टे,

"वाचू नकोस" असं लिहिलं की माणूस आधी तेच वाचतो. रेघेखाली आहे, "खरं म्हणजे पाठीचं". पुढे काय? खरं म्हणजे पाठीचं काय? मी वाट बघतो.

तोवर पाठीचं धरून चालू. मागच्या स्प्रिंगच्या बुडाशी एक कडी असते, तिला जिन्यासारख्या खाचा असतात. कडी चढवली की स्प्रिंग आधीच दाबली जाते. तुझी कडी शेवटच्या खाचेवर असणार, पैज लाव. रस्ता खराब म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार येतो, कडक करा. कडक म्हणजे मजबूत, असं आपण गादीपासून मास्तरापर्यंत सगळीकडे मानतो. शॉकअपचं उलटं आहे. खड्डा आला की चाकाने एकट्याने खाली उतरावं आणि गाडीने जागेवर राहावं. तुझ्यासारखी काडी बसल्यावर स्प्रिंग मुळीच दबली नाही, तर चाकाला उतरायला जागाच उरत नाही. मग अख्खी गाडी खड्ड्यात पडते आणि अख्खी वर येते, तुझ्यासकट.

आता हे कर. गाडी सरळ उभी करून मागचा भाग जमिनीपासून किती उंच आहे ते माप. मग तू बस आणि दुसऱ्याला मापायला सांग. दोन बोटं तरी खाली आली पाहिजे. सीट दाबून सोड. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, नाचत राहिली तर आतलं तेल गेलं. टायरमध्ये हवा गाडीवरच्या स्टिकरइतकीच. पंपवाला "टनाटन कर दूँ?" म्हणेल, त्याला नको म्हण.

बाबांचं वाचून बरं वाटलं. तुझ्या हाताने रक्त जातं म्हणून मी इथे निर्धास्त झोपतो. नाहीतर रोज एकदा तरी मनात येतं की नोकरी सोडून रायपूरला यावं, आणि दुसऱ्या दिवशी येतं की रायपुरात माझ्या कामाचं आहे काय?

पुष्करदादा


गुढियारी, रायपूर
२७ ऑगस्ट २०२५

प्रिय पुष्करदादा,

पैज तू जिंकलास. कडी शेवटच्या खाचेवर होती, आणि ती तिथे नेणारा आमचा नत्थू मिस्त्रीच. मी विचारलं, हे कोणी केलं? तो छाती फुगवून म्हणाला, "मैंने किया, मैडम। हर सर्विसिंग में एक खाना टाइट कर देता हूँ, फ्री में। अकेली लेडीज़ गाड़ी चलाती है, मजबूत होना न!" म्हणजे दर सर्विसिंगला प्रेमाने एकेक खाच. मी सगळ्यात खालच्या खाचेवर आणायला लावली तर तो दुखावला. "गुढ़ियारी में मक्खन वाला शॉकअप? हव, डाल देता हूँ। फिर नट-बोल्ट बीनते हुए आना।"

माप घेतलं. खालच्या खाचेवरही मी बसल्यावर गाडी अर्धं बोटच उतरते. तेल मात्र शाबूत आहे. हवा स्टिकरइतकी केली.

आता खोडलेल्या ओळीचं. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. माझी पाठ ठणठणीत आहे. प्रश्न रक्ताचा आहे.

ट्यूबमधलं रक्त गोठलं की यंत्रात फिरवतात, पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. त्यात तपासणी होते. रक्ताला फार हादरे बसले की पेशी फुटतात, पिवळ्याच्या जागी गुलाबी पाणी दिसतं, आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. उन्हाळ्यापासून माझ्या किती तरी ट्यूब गुलाबी निघत होत्या. लॅबचे सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "ज्ञानदा, तुम्हारा हाथ भारी है।" सुई चुकीची टोचली तरी पेशी फुटतात, त्यामुळे मला उलटून बोलता येईना. आरशासमोर उभी राहून मी स्वतःचा हात बघत असे. त्या गुलाबी रंगाची मला किळस बसली आहे. सरबताचा रंग आहे तो. दुकानात गुलाबी सरबताची बाटली दिसली तरी मी मान फिरवते.

शेवटी जुलैत मी एक केलं. लॅबमधल्या यामिनीदीदीला सांगून माझंच रक्त एका टोचण्यात दोन ट्यूबमध्ये घ्यायला लावलं. एक टेबलावर ठेवली. दुसरी माझ्या नमुन्यांच्या डब्यात घालून गुढियारीला एक फेरी मारून आणली. टेबलावरची पिवळी, फिरून आलेली गुलाबी. दोन्ही सरांसमोर धरल्या. ते हसले, म्हणाले, "वाह, तुम तो साइंटिस्ट निकलीं। ठीक है, रोड का हिसाब हम लगा लेंगे।" त्या दिवसापासून माझा एकही नमुना परत आलेला नाही.

मग मी तुला का त्रास देते? गुलाबी अजूनही दिसतं म्हणून. सर बोलत नाहीत, एवढ्याने रक्त पिवळं होत नाही. आणि आधी लपवलं का, तर तुझ्या बाबांचं रक्तही त्याच डब्यातून जातं. ते तुला सांगायची लाज वाटली.

डबा मागच्या कॅरियरवर बोल्टने पक्का बसवला आहे. एकटी बसते. वजन सत्तेचाळीस किलो.

ज्ञानदा


चाकण, पुणे
९ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्ञानदा,

वेडी आहेस. पाठीसाठी सांगितलेलं औषध रक्ताला कसं लागू पडेल? मी सीटचा विचार करत होतो. सीट कुठे आणि तुझा डबा कुठे!

मागच्या चाकाच्याही मागे, कॅरियरच्या टोकावर डबा. अख्ख्या गाडीवर त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर जास्त उडतं, मधल्या टेकूजवळचं कमी. डबा पुढे पायांमध्ये ठेव, दोन चाकांच्या मधोमध. खाली जाड मऊ फोम घाल, बोल्ट नको. ट्यूब उभ्या, एकमेकींना न लागणाऱ्या. अर्धवट भरलेली ट्यूब जास्त हिंदकळते, तेव्हा जमेल तितकी भरून घे.

स्प्रिंगचं असं आहे की तुझ्या गाडीची स्प्रिंग दोन धडधाकट माणसं आणि वर भाजीची पिशवी धरून केलेली आहे. खालच्या खाचेवरही ती तुला जुमानणार नाही. म्हणून आमच्या ओळखीच्या स्प्रिंगवाल्याकडून तुझ्या वजनाची करून घेतली. दोन दिवस आमच्या यंत्रावर गुढियारीचा रस्ता लावून नाचवली. (रस्ता मी आठवणीने लावला. प्रत्यक्षात आणखी वाईट असेल.) पार्सल वेगळं येतंय, सोबत कडी फिरवायचा वाकड्या टोकाचा पाना आहे, तो सीटखाली ठेव. नत्थूला सांग, हिला हात लावशील तर पुण्याहून येऊन मारीन.

एक लक्षात ठेव. ही स्प्रिंग फक्त सत्तेचाळीस किलोंची आहे. मागे कोणाला बसवू नकोस. बसवावंच लागलं तर कडी शेवटच्या खाचेवर ने. तरीही मोठ्या खड्ड्यात लोखंडाला लोखंड लागेल.

आणि एक सांगू? तुझ्या पत्राने मला फार हलकं वाटलं. ऑगस्टमधला बाबांचा तो सहाच्या वरचा आकडा मनात टोचत होता. आता कळलं, तो रस्त्याचा होता.

पुष्करदादा


गुढियारी, रायपूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पुष्करदादा,

तू आलास, दसऱ्यानंतरही राहिलास, परत गेलास. त्या सगळ्या दिवसांत काकांच्या उशाशी आपण दोघं हिंदीत औषधांबद्दल बोललो. तू विचारलंस, "अचानक कैसे बढ़ गया?" मी म्हणाले, "पता नहीं।" मला माहीत होतं. म्हणून हे पत्र. सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुझी स्प्रिंग बसवली, डबा पायांमध्ये घेतला. पहिल्याच दिवशी फरक दिसला. मिठाईवाल्याच्या तिन्ही ब्रेकरांवर चाक खाली-वर होत राहिलं आणि डब्याचं झाकण वाजलंही नाही. आठवडाभर सगळ्या ट्यूब पिवळ्या. मी इतकी खूश होते की त्या सायीवरूनही गाणं म्हणत जायचे.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी काकांचं रक्त घेतलं. सीरम स्वच्छ, गवताच्या वाळलेल्या काडीच्या रंगाचं. गुलाबीचा लवलेशही नव्हता. यंत्रावर आकडा आला सहा पूर्णांक सात. मी शेजारीच उभी होते. यामिनीदीदी समोसा खात होती, त्याच हाताने तिने आकडा खोडला, म्हणजे बटण दाबून पुसला, आणि चार पूर्णांक नऊ घातला.

मी म्हणाले, "दीदी, ये क्या किया?"

"क्या किया? तुम्हारे काका का तो हर महीने हाई आता है। रोड वाला केस है न।"

"अगस्त में दुबारा लगाया था, तब तो चार-आठ आया था।"

"दुबारा कौन लगाता है?" ती म्हणाली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "सर ने बोला है न, रोड का हिसाब लगा लो। गुढ़ियारी लाइन का जिसका भी हाई आए, नॉर्मल में बिठा दो। तुम्हीं ने तो दिखाया था।"

मी ट्यूब तिच्या डोळ्यांसमोर धरली. म्हटलं, बघ, यात रस्ता कुठे आहे? तिने बघितलं. मग की-बोर्डवरचा समोशाचा चुरा झटकला आणि म्हणाली, "अरे, साफ है ये तो।"

दादा, त्या क्षणी मला जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत. भीती नंतर आली. आधी ओकारी आली. त्या चुऱ्याची, त्या बटणाची, त्या दोन ट्यूब मिरवत सरांसमोर गेलेल्या माझी. माझा हात भारी नाही, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. ते झालं. आणि त्यांच्या हाती एक सोय लागली.

मी तशीच स्कूटर काढून तात्यापाऱ्यात गेले. काका दारातच बसले होते. म्हणाले, "सकाळपासून पाय जड जड वाटून राहिले. तू काहून धावून राहिली?" मी म्हटलं, दवाखान्यात चला. पाऱ्याच्या तोंडाशी देवीचा मांडव, त्यापुढे रस्ता खणलेला. ऑटोवाला फोनवर म्हणाला, आत येणार नाही. अॅम्ब्युलन्सला किती वेळ लागेल ते कोणी सांगेना. मी काकांना मागे बसवलं.

तू लिहिलं होतंस, मागे कोणाला बसवू नकोस. पहिल्याच खड्ड्यात धाडकन आवाज आला. दुसऱ्यात काकांचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं. ते म्हणाले, "हे काय बसवलं वं पुष्करनं? लोखंडाले लोखंड लागून राहिलं." मी त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, पाना काढला, चिखलात गुडघे टेकले. कडी फिरेना. त्या चिखलात काय काय होतं ते लिहीत नाही. काका वरून म्हणत होते, "घाई नको करू. आधी आटे कोणत्या बाजूनं हायेत ते पाय." पाटीवर बेरीज चुकली की ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात. कडी एकेक खाच चढत शेवटच्या खाचेवर गेली. नत्थूची लाडकी खाच. तशाच काळ्या हातांनी मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. नर्स हातांकडे बघून मागे सरकली. कागदावर हृदयाची रेघ निघाली तसे डॉक्टर धावत आले.

पुढचं तू पाहिलंस. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. काका वाचले, पण त्यांचे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर गेले, आणि किडनीही तेवढी गेली. ते अचानक वाढलं नव्हतं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

ज्ञानदा


चाकण, पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

ज्ञानदा,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. दिवाळीत सगळ्यांचे उचलले, तुझे नाहीत. काय म्हणालो असतो ते मलाच माहीत नव्हतं.

मला तुझी शिसारी आली होती. हे लिहिलं नाही तर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. ज्या माणसाने तुला अक्षर शिकवलं, त्याच्या रक्ताचा आकडा परत लावला का हे तू एकदा डोळ्यांनी बघितलं नाहीस. "लॅबने परत लावून दिलं" असं तू किती सहज लिहिलंस! तू, जी टाळं लावल्यावर तीनदा ओढून बघतेस.

मग शिसारी त्या सरांची आली. ती सोपी होती, चांगली दोन दिवस पुरली. मग माझ्याकडे वळली. मीही वाचलंच ना चार पूर्णांक आठ? मला तो आकडा हवा होता. तो मिळाला की मला पुण्यात राहता येत होतं. मी इथे बसून तुझ्या रस्त्याची नक्कल यंत्रावर लावत होतो आणि बापाचा खरा आकडा त्याच रस्त्यावर ढकलून मोकळा होत होतो.

काल बाबांशी बोललो. तुझं पत्र वाचून दाखवलं. रागावू नकोस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तिनं पुसलं का रेघ मारली?" मी म्हटलं, ज्ञानदाने नाही बाबा, लॅबने पुसलं. ते म्हणाले, "मी तेच विचारून राहिलो. बाकीच्यांचं काय?"

बाबांचं आपल्याला कळलं, कारण त्या ट्यूबमागे कोण आहे हे तुला ठाऊक होतं. गुढियारी लाइनचे बाकीचे कोण आहेत? त्यांना कोणी सांगितलं? तू अजून तिथेच कामाला जातेस?

पुष्कर


गुढियारी, रायपूर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पुष्करदादा,

कामाला जात नाही. सरांना मी विचारलं, चुकीचे रिपोर्ट गेले त्या सगळ्यांना आपण फोन करणार का? ते म्हणाले, "तुम्हारा दिमाग खराब है। रोड नगर निगम का, एक्सपेरिमेंट तुम्हारा, और फोन मैं करूँ?" मी म्हटलं, मग मी करते. त्यांनी कोट तिथेच काढून ठेवायला सांगितला. तो काळाकुट्ट कोट त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवून मी निघाले. इतक्या दिवसांत तेवढंच मला स्वच्छ वाटलं.

कोणत्या घरी किडनीसाठी रक्त घेत होते ते मला तोंडपाठ आहे. एकेका घरी गेले. सांगितलं की जुलैनंतरचा तुमचा रिपोर्ट खरा धरू नका, दुसरीकडे परत तपासा. एका घरी मला आत बसवून पाणी दिलं आणि मुलगा लगेच वडिलांना घेऊन गेला. एकाने विचारलं, कोणत्या लॅबने पाठवलं, तुला यात कमिशन किती? गोल बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नॉर्मल आया है तो नॉर्मल रहने दो न, बेटी।" मी तीनदा गेले तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. मालाच्या धक्क्यावरच्या हमालाच्या घरी दारच उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला, एवढंच.

सगळ्यात शेवटी लताताईंकडे गेले. त्यांचे यजमान सुशीलजी, रेल्वे फाटकाजवळ पंक्चरचं दुकान. मी रक्त घ्यायला गेले की माझ्या टायरची हवा फुकट बघून द्यायचे. शेवटी यासाठी ठेवलं होतं की सप्टेंबरपासून त्यांच्या घरून बोलावणं आलं नव्हतं, आणि का आलं नसेल याचा विचार मी करत नव्हते.

दुकान बंद होतं. लताताईंनी मला ओळखलं, चहा टाकला. म्हणाल्या, "बैठे-बैठे चले गए, दीदी। ट्यूब पानी में डुबाके देख रहे थे। रिपोर्ट तो नॉर्मल थी न।" रिपोर्ट त्यांनी देवाच्या फोटोमागे जपून ठेवला आहे.

मी सांगितलं. दोन ट्यूबांपासून बटणापर्यंत सगळं. चहावर साय धरली. ती साय बघून मला आमच्या गल्लीची आठवण झाली आणि कप खाली ठेवावा लागला.  लताताईंनी एकच विचारलं, "तो उनका असली कितना था?"

दादा, याचं उत्तर कोणाकडेच नाही. ऑगस्टमध्ये त्यांचं शेवटचं रक्त नेलं तेव्हा माझा डबा मागेच होता, रक्त हादरत जात होतं. आकडा मोठा आला असेल, तर तो रस्त्याचा होता की त्यांचा, हे यंत्रालाही कळलं नसतं. परत लावलं असतं, परत रक्त घेतलं असतं, तर कळलं असतं. आणि जो काही आला तो आकडा कुठे उरलेलाच नाही. त्या लॅबमध्ये कोणी चौथीपर्यंत काकांकडे बसलं असतं, तर एका रेघेखाली निदान वाचता आला असता. मी लताताईंना म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "तो चलो, उसी से पूछते हैं।"

सर बोलणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. मग आम्ही आरोग्य विभागाच्या कार्यालयात गेलो. साहेब नव्हते. परवा परत गेलो, तक्रार घेतली, पण पोच दिली नाही. म्हणाले, सोमवारी या. यामिनीदीदीने फोन करून सांगितलं की विचारलं तर ती खरं सांगेल. मग अर्ध्या तासाने परत फोन करून म्हणाली, पहिला फोन विसर. तिलाही त्या खुर्चीवर रोज बसायचं आहे. मी तक्रारीत तिचं नाव दिलेलं नाही, पण विसरणारही नाही.

काकांना तू पत्र वाचून दाखवलंस याचा मला राग आला होता. आता नाही. डायलिसिसच्या खाटेवर पडून ते माझा तक्रार अर्ज तपासतात. दोन शब्द बदलले. "गैरसोय" हा शब्द खोडला आणि मला म्हणाले, "गैरसोय म्हणजे नळाले पाणी न येणं. इथं माणूस मेला. जसं हाय तसं लिही." मग म्हणाले, आज अर्धं केळं चालेल का, अर्ज चांगला झाला म्हणून. नाही म्हटलं.

आता काम. पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, या वेळी जमलं नाही. लताताई माझ्या मागे बसून सोमवारी पुन्हा येणार आहेत, आणि नंतरही बरेच सोमवार. कडी शेवटच्या खाचेवर आहे, तरी खड्ड्यात लोखंडाला लोखंड लागतं. दर वेळी त्या माझा खांदा धरतात आणि मग "सॉरी" म्हणतात. मला ते "सॉरी" सहन होत नाही. म्हणून दोघींच्या वजनाची स्प्रिंग करून पाठव. मी सत्तेचाळीस. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पहले बासठ थी, अब देखना पड़ेगा।" साठ धर. त्यांना खायला लावू.

कंपनीची मूळ स्प्रिंग नत्थूने सप्टेंबरातच भंगारात विकली, नवी आली की तुझी ही त्याच्याकडे ठेवीन. त्याने सीट दाबून बघितली आणि म्हणाला, "इतनी नरम!" 

सुशीलजींबद्दल लिहिलं तिथे एक वाक्य खोडलेलं दिसेल. "यात माझा हात नव्हता" असं ते आहे. रेघ एकच मारली आहे.

ज्ञानदा